सॅम रेबर्नच्या घरी, आईबरोबर

टेक्सासमधलं मॅकिनी मागे पडलं की १२१ नंबरचा हायवे ईशान्येकडे निघतो आणि मॉल, अपार्टमेंट, नवी बांधकामं हळूहळू विरळ होतात. ट्रेंटनच्या पुढे दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं लागली तशी आई म्हणाली, "अगं, थांब की जरा." गाडी कडेला घेतली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. आईने वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत मळून पाहिली.

"ही तर आपली काळी माती. कपाशीची."

ती बरोबर होती. टेक्सासच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चपलेला गोळेच्या गोळे, अगदी राहुरीच्या आमच्या रानासारखं. आम्ही ज्याचं घर बघायला निघालो होतो तो अमेरिकी संसदेतला पुढारी, सॅम रेबर्न, याच मातीत कपाशी खुरपत वाढला. जन्म १८८२चा, टेनेसीतला. अकरा भावंडं. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब इकडे फॅनिन काउंटीत आलं आणि ४० एकरांवर कापूस पिकवू लागलं. शिकायला बाहेर पडताना वडिलांनी स्टेशनवर त्याच्या हातात २५ डॉलर ठेवले आणि एवढंच म्हणाले, "सॅम, माणूस हो." एकरभर कापसाला काय राहतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या २५ डॉलरांचं वजन सांगावं लागत नाही.

बोनहॅम हे फॅनिन काउंटीचं मुख्य गाव. रेबर्न १९०६मध्ये इथून टेक्सासच्या विधिमंडळात निवडून गेले आणि २९व्या वर्षी तिथले सभापती झाले. १९१३मध्ये वॉशिंग्टनला गेले ते १९६१च्या नोव्हेंबरात मृत्यू येईपर्यंत याच मतदारसंघाचे खासदार राहिले. ४८ वर्षं! अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती म्हणून त्यांची एकूण १७ वर्षं भरतात. इतका काळ त्या खुर्चीवर दुसरं कुणीही बसलेलं नाही.

गावाच्या पश्चिमेला त्यांचं घर आहे. १९१६मध्ये आईवडिलांसाठी बांधलेलं, पांढरं, दुमजली. आता ते संग्रहालय आहे, पण आतलं सामान कुटुंबाचंच, होतं तसं ठेवलेलं. "बायको नव्हती का?" आईने विचारलं. लग्न झालं होतं, १९२७मध्ये, आणि काही महिन्यांतच मोडलं. पुढे घर सांभाळलं बहिणीने, लू यांनी. आई स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभी राहिली.

गॅरेजमध्ये १९४७ची काळी कॅडिलॅक उभी आहे. २५ डॉलरांहून महागाची भेट घ्यायची नाही, हा रेबर्न यांचा नियम. म्हणून त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी प्रत्येकी २५ डॉलर काढून ती गाडी घेतली. विरोधी रिपब्लिकन सदस्यांनीही पैसे दिले होते, ते त्यांनी परत केले. तरुणपणी ज्या वकिली फर्ममध्ये ते भागीदार होते, तिला रेल्वे कंपनीकडून फी यायची. त्यातला आपला वाटाही त्यांनी घेतला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने रेल्वेचा पैसा घ्यायचा नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

पण मी आले होते ते विजेसाठी. लहानपणी आमच्या घरी विजेचं बिल यायचं त्यावर 'मुळा-प्रवरा' असं नाव असायचं. ती सहकारी संस्था. अशी वीज संस्था ही आपल्याकडे अमेरिकेतून आलेली कल्पना आहे, हे मला इथे येऊन काही वर्षं झाल्यावर कळलं. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. लांबलांबच्या वस्त्यांपर्यंत तारा ओढणं परवडत नाही, असं खासगी कंपन्या सांगत. रेबर्न तेव्हा वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते. १९३५मध्ये त्यांनी बड्या वीज कंपन्यांच्या साखळ्या तोडणारा कायदा आणला, तेव्हा सदस्यांवर विरोधाच्या टेलिग्रामांचा पाऊस पडला. चौकशीत निघालं की कित्येक टेलिग्राम बनावट होते, ज्यांची नावं घातली त्यांना पत्ताच नव्हता. कायदा मंजूर झाला. पुढच्याच वर्षी नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि रेबर्न यांनी मिळून ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा केला. सरकारने स्वस्त, दीर्घ मुदतीचं कर्ज द्यायचं आणि शेतकऱ्यांनी आपली संस्था काढून खांब उभे करायचे.

याच संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेचे तज्ज्ञ पुढे भारतात आले. त्यांच्या मदतीने आपल्याकडे पाच पथदर्शी वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यातली एक आमची मुळा-प्रवरा.

मी हे सांगितलं तेव्हा आई ओसरीच्या पायरीवर बसली होती. "मी लग्न करून आले तेव्हा कंदिलाच्या काचा रोज राखेने पुसायला लागायच्या," ती म्हणाली. "विहिरीवर मोट होती. लाईट आली त्या दिवशी तुझ्या आजीने बल्बला हळदकुंकू वाहिलं." हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सगळंच गोड नाही. रेबर्न दक्षिणेतले होते आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं दक्षिणेच्या गोटातच राहिले. ज्या घरांच्या अंधाराची त्यांना जाणीव होती, त्याच काउंटीत वर्णभेद राजरोस चालू होता, आणि मला ते खुपतं. १९५६मध्ये गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्याविरुद्ध निघालेल्या दक्षिणी जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. १९५७चा नागरी हक्क कायदा त्यांच्या सभापतिपदाखाली मंजूर झाला. उशिरा का होईना, ते हलले.

गावात त्यांनी उभारलेलं संगमरवरी ग्रंथालय आहे, १९५७चं. त्यात त्यांच्या कॅपिटॉलमधल्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदभवनातल्या, दालनाची हुबेहूब प्रतिकृती आहे, छताला भलंमोठं झुंबर. ते भव्य आहे, पण आम्ही दोघी तिथे फार रमलो नाही. विलो वाइल्ड दफनभूमीत मात्र थांबलो. शेवटच्या आजारपणात ते वॉशिंग्टन सोडून बोनहॅमलाच परतले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला केनेडी, ट्रुमन, आयझेनहॉवर आणि जॉन्सन, असे तेव्हाचे, आधीचे आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष या छोट्या गावात आले. आईने कबरीजवळ चपला काढल्या.

परतताना अंधारलं. लांब शेतांत एकेक घर उजळत होतं. या भागातल्या बऱ्याच शेतघरांना आजही सहकारी संस्थाच वीज पुरवते, हे मी सांगितलं तशी आईने फोन काढला. तिकडे पहाट झाली होती.

"अहो, उठलात का? ऐका, इथंसुद्धा सोसायटीचीच लाईट आहे."