बर्फाची कविता, जूनची सकाळ

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बेनिंग्टनहून ७ए रस्त्याने उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात शाफ्ट्सबरी येतं. तिथे अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टचं दगडी घर आहे, १७६९च्या सुमारास बांधलेलं. १९२०मध्ये तो इथे राहायला आला तो सफरचंदांची बाग लावायची म्हणून. बेत चांगला हजार झाडांचा होता! पुढे शिकवण्याच्या निमित्ताने हिवाळे मिशिगनला, ॲमहर्स्टला जायचे, उन्हाळ्यात मुक्काम इथे.

आम्ही मुद्दाम जूनमध्ये गेलो. १९२२च्या जूनमध्ये, ह्याच घरात जेवणाच्या टेबलाशी बसून फ्रॉस्टने 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग' ही कविता लिहिली. रात्रभर जागून तो 'न्यू हॅम्पशायर' ही दीर्घकविता लिहीत होता. उजाडल्यावर बाहेर जाऊन सूर्योदय पाहिला, आत आला आणि भर उन्हाळ्यात बर्फातलं रान कागदावर उतरलं.

ती खोली आता त्या एकाच कवितेला दिली आहे. हस्तलिखिताची प्रत लावली आहे, तिच्यापुढून माझा पाय निघेना. शेवटच्या कडव्यात खाडाखोड आहे. ह्या कवितेचं यमक रुबाईसारखं चालतं: पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, तिसरी सुटी राहते. पण फ्रॉस्ट त्या सुट्या ओळीचं यमक पुढच्या कडव्याला देतो. मग शेवटच्या कडव्यातली सुटी ओळ द्यायची कुणाला? पुढे कडवंच नाही. त्याने चारही ओळी एकाच यमकात बांधल्या आणि शेवटची ओळ, 'अँड माइल्स टू गो बिफोर आय स्लीप', दोनदा लिहिली. नेहरूंनी अखेरच्या दिवसांत स्वतःच्या हाताने उतरवून जवळ ठेवलेल्या ओळी त्या ह्याच कडव्यातल्या. शाळेत आम्हाला त्या पुनरुक्तीचे अर्थ सांगितले होते, ते मला आजही पटतात. पण त्यामागची कारागिरी बघितल्यावर कविता मला जास्तच आवडू लागली.

बाकीच्या खोल्या लवकर बघून होतात. १९२३मध्ये मुलाच्या, कॅरोलच्या लग्नात फ्रॉस्टने हे घर त्याला दिलं. १९४०मध्ये कॅरोलने इथेच आत्महत्या केली. हे ठाऊक असेल तर त्या खोल्यांतून नुसतं फिरणं जड जातं.

जाणार असाल तर फ्रॉस्टची कबरही बघा, ओल्ड बेनिंग्टनच्या चर्चमागे आहे. आणि वेळा आधी तपासा, हिवाळ्यात घर बंद असतं.