आबांचे हजार चंद्र, भाचीची गवसणी: यंदाच्या वाढदिवसांची कामवही

यंदा घरच्या वाढदिवसांसाठी एकच नियम धरला. केक कसला करायचा आणि भेट काय द्यायची हे फोटो बघून ठरवायचं नाही. त्या माणसाचं खाणं, त्याचे दात, त्याचा दिवसभरातला वावर आणि त्या महिन्यातली सांगलीची हवा, यांवरून ठरवायचं. यामुळे माझं सामान बदललं, क्रीम तर पार बदललं. हा नाद असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून प्रमाणांसकट लिहून ठेवतो.

फेब्रुवारी: आबांचं सहस्रचंद्रदर्शन

पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजेच ऐंशी वर्षं आणि दहा महिने. आबांनी एवढे चंद्र पाहिले, आणि त्यातले बहुतेक मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काम करताना. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद भरायची असली की पोत्यांचा हिशेब त्यांच्याकडे असायचा. तेव्हा केकमध्ये हळद हवीच, हे माझं पहिल्यापासून पक्कं होतं.

अडचणी दोन. आबा अंडं खात नाहीत आणि त्यांना कवळी आहे. अख्खा बेदाणा कवळीखाली अडकतो, म्हणून सगळे बेदाणे वाटून घातले. तासगावचा हिरवट लांब बेदाणा घेतला. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ती आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, पुढे रंग टिकावा म्हणून बऱ्याचदा गंधकाची धुरीही देतात. त्यामुळे बेदाणे कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवायचे, मग अर्धा तास भिजवायचे आणि दुधातच वाटायचे. वाटणामुळे केक तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो, हा मोठा फायदा.

सात इंची गोल भांड्यासाठी प्रमाण असं: चाळलेली कणीक १८० ग्रॅम, गुळाची पावडर १२० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, ताजं दही १८० ग्रॅम, दूध ६० मिली, सूर्यफूल तेल ८० मिली, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, जायफळ, वेलची, मिठाची चिमूट. ओटीजी आधी तापवून १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. दूध गारच घ्यायचं, कारण गरम दुधात गूळ पडला की ते फाटतं. कणकेला मैद्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणून कालवलेलं पीठ दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि सोडा अगदी शेवटी घालायचा.

एक गोष्ट ठासून सांगतो. गुळाचा केक म्हणजे मधुमेहींचा केक नव्हे. बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते आणि गूळही साखरच आहे. आबांची साखर काठावर आहे, म्हणून त्यांचा तुकडा आधीच बोटभर ठरवून ठेवला होता. ‘पौष्टिक आहे, घ्या हो अजून’ असा आग्रह वडीलधाऱ्यांना कुणी करू नये.

आता हळद. कालवलेल्या पिठात ती घालून पाहण्याआधी वाटीत चाचणी घेतली. हळदीच्या पाण्यात सोडा टाकला की रंग तांबूस होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. म्हणजे केकमध्ये दह्याला पुरून उरेल इतका सोडा झाला, किंवा तो नीट मिसळला नाही, तर पिवळ्याऐवजी तांबडे ठिपके पडणार. म्हणून हळद वरच्या थरात नेली, आणि तो थर चक्क्याचा केला. चक्का आंबट असल्यामुळे रंग पिवळाच राहतो.

चक्क्यासाठी मी ठामपणे उभा आहे. आपल्याकडे श्रीखंडाची एवढी परंपरा असताना सगळेजण व्हिप क्रीमच्या मागे का लागतात, मला कळत नाही. घट्ट चक्का ४०० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, राजापुरी हळदीची चिमूट, दुधात खललेलं केशर. हे सगळं पुरणयंत्रातून काढायचं म्हणजे गुठळी राहत नाही. चक्का रात्रभर टांगून, वर वजन ठेवून पाणी पूर्ण काढलेलं हवं. एवढं झालं की तो सुरीने सपाट पसरतो आणि फेब्रुवारीच्या हवेत तास-दीड तास जागचा हलत नाही. गुलाबाची फुलं काढण्याइतका ताठपणा त्यात नाही, पण पौर्णिमेच्या चंद्राला फुलं कशाला? सपाट, फिकट पिवळा गोल, कडेला पिस्त्याची पूड. झाला चंद्र.

मेणबत्त्या लावल्याच नाहीत. वाढदिवसाला ज्योत विझवणं आबांना पटत नाही आणि मलाही नाही. आईने आणि काकूंनी कणकेच्या दिव्यांनी ओवाळलं, मग आबांनी केक कापला. पहिला घास खाऊन म्हणाले, “बाळ, हळद चांगल्या वासाची आहे. नवी दिसते.” चिमूटभर हळदीवरून त्यांनी ओळखलं!

भेट म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका हाताने केली. अक्षरं बोटाएवढी जाड, तारखा कमी: पौर्णिमा, नातवंडा-पतवंडांचे वाढदिवस, औषधं आणायचे दिवस. कागदाऐवजी मांजरपाट वापरलं. ते आधी धुवून खळ काढली, हळदीच्या पाण्यात उकळलं, सावलीत वाळवलं. मग चुन्याच्या निवळीत बोळा बुडवून बाटलीच्या झाकणाने पौर्णिमेचे ठसे उमटवले. हळदीवर चुना पडताच कुंकवाचा लाल रंग येतो. पूर्वी कुंकूही हळदीला चुन्यासारखं क्षार लावूनच करत. अडतीवरच्या माणसाला हे दाखवताना फार आनंद झाला.

करणाऱ्यांसाठी दोन सूचना. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तेव्हा दिनदर्शिका खिडकीसमोर लावू नका. चुन्याचा लालही हवेने हळूहळू उतरतो, म्हणून प्रत्येक चंद्राच्या कडेने लाल दोऱ्याचा धावदोरा घातला आहे. रंग गेला तरी गोल राहील. आणि ज्या वर्षी अधिक मास असेल त्या वर्षी पौर्णिमा तेरा धरून जागा आखा.

एप्रिल: भाचीचा वाढदिवस

भाची मिरजेत गाणं शिकते. दर्ग्याच्या उरुसात जिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ गायले आणि अजूनही त्यांच्या स्मरणात संगीत सभा होते, त्याच गावात, तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून जवळच तिचा क्लास आहे. तिला ताईने नवा तंबोरा घेऊन दिला. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यावर घालायची गवसणी बाजारात रेक्झिनची मिळते. उन्हात ती तापते आणि आत घाम धरते. म्हणून गवसणी शिवायची ठरवली. आजवर केलेल्या भेटींमध्ये हे सगळ्यात जास्त डोकं लावायचं काम.

तंबोऱ्याचा भोपळा पूर्ण गोल नसतो, पुढची लाकडी पाटी, म्हणजे तबली, जवळजवळ सपाट असते. त्यामुळे घागऱ्यासारख्या सारख्या कळ्या घेतल्या तर मागे ताण आणि पुढे झोळ येतो. मी पुढचा आणि मागचा घेर वेगळा मोजला. तबलीकडून १५ इंच, मागून २८. अस्तरात कापूस असल्यामुळे मागे दोन इंच सैल धरले, ३० झाले. पाच कळ्या केल्या, म्हणजे सर्वांत रुंद जागी प्रत्येकी ६ इंच, शिलाईसाठी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा, एकूण ७. पुढचा तुकडा सलग, १६ इंचांचा. कळीची वक्र कड वर्तमानपत्रावर कापून आधी भोपळ्यावर चिकटपट्टीने लावून पाहिली. हे कागदी माप करूनच कापडाला कात्री लावा.

थर तीन. बाहेर जाड खादी, मध्ये कापसाची पातळ गादी, आत मऊ फलालीन. वाद्याच्या पॉलिशला खरा धोका चेनच्या दातांचा असतो. म्हणून चेनच्या आतून दोन इंच रुंद पट्टी पूर्ण लांबीभर शिवली, ती धातू आणि लाकूड यांच्यामध्ये राहते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, दाब येता कामा नये. तेवढ्या जागी पुढच्या तुकड्यात एक फुगीर कप्पा काढला, त्याच्या कडेने गादीची वळकटी घातली. खुंट्यांकडे गवसणी रुंद ठेवून वरून नाडी आवळायची सोय केली. चेन तिथपर्यंत नेली तर घालता-काढताना खुंट्या फिरतात आणि लावलेला सूर उतरतो. तळाला दुहेरी कापड, धरायला पाठीवरचा पट्टा आणि आडवी मूठ. जवारीच्या सुताच्या, म्हणजे सुरात झंकार यावा म्हणून घोडीवर तारांखाली सरकवायच्या दोऱ्याच्या, तुकड्यांसाठी आत छोटा खिसा आहे. हा खिसा भाचीने सगळ्यात आधी शोधला आणि म्हणाली, “मामा, सूत हरवतं हे तुला कुणी सांगितलं?” तिच्या गुरुजींनीच सांगितलं होतं, विचारायला गेलो होतो.

केकबद्दल थोडक्यात. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. म्हणजे बटरक्रीमचा विषय मिटला. २५ टक्के स्निग्धांशाचं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, पण गनाशसाठी, म्हणजे क्रीम आणि चॉकलेटच्या घट्ट मिश्रणासाठी, तेच उत्तम. थंडीत एकास एक चालतं. उन्हाळ्यात एक भाग क्रीम आणि दोन भाग डार्क चॉकलेट, वजनाने. दोन थर दिले, पहिला थर फ्रीजमध्ये घट्ट झाल्यावरच दुसरा. सांगलीहून मिरजेपर्यंत केक डिकीत न ठेवता पायाशी ठेवला, खोक्याखाली रबरी जाळी. मागच्या सीटला उतार असतो, पायाशी जागा सपाट मिळते.

साच्याचा हिशेब बरेचजण विचारतात म्हणून इथेच लिहितो. सहा इंची भांड्याचं प्रमाण आठ इंचीसाठी सव्वापट करू नका. सहाचा वर्ग ३६, आठचा ६४, म्हणजे प्रमाण पावणेदोन पटीपेक्षा जरा जास्त. तापमान दहा अंशांनी कमी आणि वेळ थोडा जास्त, म्हणजे मधोमध कच्चा राहत नाही.

जून: आई

आईला गोड आवडत नाही. तिच्यासाठी तिखट केक: ज्वारीचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे, आंबट ताक, किसलेला दुधी, लसूण, हिरवी मिरची, वरून तिळाची फोडणी. कापल्या-कापल्या प्रत्येक तुकड्यावर सांगलीचं भडंग पेरलं. ते आधी पेरलं तर वाफेने मऊ पडतं. भेट म्हणून तिच्या चष्म्यासाठी गळ्यात अडकवायची घोंगडीची छोटी पिशवी दिली. ती दिवसातून शंभर वेळा चष्मा शोधते, त्यामुळे ही भेट रोज वापरात आहे.

आता हातात असलेलं

डिसेंबरात बायकोचा वाढदिवस. तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी सुरू झालेली असते आणि तिला केकपेक्षा फळच जास्त आवडतं. चक्क्यावर कापलेली स्ट्रॉबेरी ठेवली की अर्ध्या तासात पाणी सुटतं, म्हणून सध्या दोन उपाय तपासतोय. एक, चक्क्यावर पांढऱ्या चॉकलेटचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर फळ. दुसरा, स्ट्रॉबेरी आटवून वडीसारखी घट्ट करून मधल्या थरात घालायची आणि वर फक्त अख्खी, न कापलेली फळं, देठासकट. सध्या बाजारात ताजी फळं नाहीत, म्हणून चाचणी गोठवलेल्या फळांवर चालू आहे. त्यांना पाणी आणखी जास्त सुटतं, तेव्हा इथे टिकलेला थर ताज्या फळाखाली नक्की टिकेल. आतापर्यंत पापुद्र्याचा उपाय पुढे आहे, पण कापताना तो तडकतो. त्यात १०० ग्रॅम चॉकलेटला एक छोटा चमचा तेल घालून बघणार आहे.

भेट मात्र ठरली आहे. ती रोज पहाटे कृष्णेच्या घाटावर फिरायला जाते, तिच्यासाठी आतून फलालीनचं आणि दोन्ही बाजूंनी खिसे असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. गवसणीतून उरलेली खादी आणि गादी त्यालाच पुरते. कागदी माप कापून झालं आहे. खांदा बसतो, मुंढा अर्धा इंच खोल करायचा आहे.