पत्र्याखालचे जिवाणू आणि माझं शेणखत

शेणखतात जिवाणू मिसळण्याचं काम तसं अवघड नाही. ढीग लावायचा, तापू द्यायचा, निवू द्यायचा, मग पीएसबी आणि अ‍ॅझोटोबॅक्टर हे दोन जिवाणू घालून महिनाभर मुरवायचं. बाकी सगळं माझ्या हातात होतं, फक्त ते जिवाणू तेवढे सरकारी गोडाऊनमध्ये होते. त्यामुळे हा अनुभव बराचसा त्या गोडाऊनचाच आहे.

आधी हे कशासाठी, ते सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच रानांसारखं आमचंही डाळिंबाचं रान चुनखडीचं, सामू (पीएच) आठच्या वर. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) घातला की चुना त्याला धरून ठेवतो आणि झाडाला मिळत नाही. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सेंद्रिय आम्लं सोडतात आणि अडकलेला स्फुरद मोकळा करतात. अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतो. नुसत्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, स्फुरद त्याहून कमी. म्हणून मी ढिगात रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाच्या दगडाचा भुगाही मिसळला. ते आमच्या मातीत थेट टाकलं तर तसंच पडून राहतं, विरघळायला आम्ल लागतं. ढिगात जिवाणूंच्या संगतीला ठेवलं तर काही तरी हाती लागतं.

ढीग एप्रिलमध्ये चिंचेखाली लावला. शेण, थोडी लेंडी, उसाचं पाचट, साखर कारखान्याची मळी (प्रेसमड). उकिरड्याच्या खड्ड्यात करू नका, तिथं हवा जात नाही आणि अ‍ॅझोटोबॅक्टरला हवा लागतेच. ढीग चांगला तापला, दोनदा उलथापालथ केली, मे उजाडता उजाडता निवत आला.

आणि मग मी कृषी कार्यालयात गेलो.

अनुदानात द्रवरूप जिवाणू संवर्धक मिळणार होतं. सातबारा, आठ अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स, सगळं दिलं. कृषी सहायकाची सही आणली. तोवर गोडाऊनची किल्ली ज्यांच्याकडे, ते मीटिंगला सोलापूरला. ते आले तेव्हा ज्यांनी पावती फाडायची, ते रजेवर. हेही चाललं असतं, आपल्याला सवय आहे. पण गोडाऊन उघडलं आणि माझं डोकं फिरलं. वर पत्रा, खिडकी एक, तीही बंद. बाहेर मे महिन्याचं सोलापुरी ऊन, पारा चाळिशीच्या कितीतरी पुढे. आतली बाटली उचलली तर हाताला चटका बसावा इतकी गरम. लेबलवर मात्र छापलेलं, ‘थंड व कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा.’ उत्पादनाची तारीख आदल्या वर्षाची.

मी म्हटलं, "साहेब, हे जिवंत असतंय. या गर्मीत यात काय राहिलं असेल?"

"एक्स्पायरीला अजून वेळ आहे की मालक. घेऊन जावा. बाकीच्यांनी नेलंच की."

बाकीच्यांनी नेलं होतं हे खरं. आमच्या गावात त्या बाटल्या गोठ्याच्या फळीवर फिनेलशेजारी उभ्या आहेत. पण कोंबडीची पिल्लं आणताना आपण खोक्यावरची तारीख बघतो का खोक्यातली पिल्लं? खत नियंत्रण आदेश १९८५ चा, त्यात जैविक खतं २००६ साली आली. द्रवरूप संवर्धकात मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी असायला हव्यात, असं त्यात आहे. तारीख हा त्या दहा कोटींचा अंदाज झाला, आणि तोही बाटली नीट ठेवली असेल तरच.

मी पावतीवर सही केली नाही. इथून खरी गंमत सुरू झाली.

नवीन लॉट मागवा म्हटलं, तर उत्तर आलं, जुना साठा वाटून संपल्याशिवाय नव्याची मागणी टाकता येत नाही. जुना साठा संपायचा कधी? लोकांनी सह्या केल्यावर. म्हणजे चांगला माल मिळवायचा असेल तर आधी मेलेला माल मिळाला म्हणून लिहून द्यायचं. वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी खाली पाठवलं. खालच्यांनी सांगितलं, माल खराब आहे असं तुम्ही तोंडी म्हणून चालत नाही, नमुना तपासावा लागेल, आणि तो निरीक्षकानेच काढायला हवा. मी म्हटलं, मग काढा. तर नमुना काढायचा म्हणजे लेखी तक्रार हवी. लेखी तक्रार दिली, तर आवक शिक्का मारणाऱ्या बाई जेवायला गेलेल्या. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. शिक्का मारून घेतला, क्रमांक लिहून घेतला, झेरॉक्स खिशात घातली. तुम्हीही अर्ज कराल तेव्हा आवक क्रमांकाशिवाय उठू नका. पुढच्या खेपेला "कुठला अर्ज?" असं विचारलं गेलं, तेव्हा तो क्रमांकच कामाला आला.

एवढं करताना तिकडे ढीग वाळत चाललेला. पाणी टंचाईचं, तरी आठवड्याला एकदा टँकरमधलं मारून गोणपाटानं झाकत होतो. निवलेला ढीग ओलावा गेला की जिवाणूंच्या कामाचा राहत नाही. मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळायला नको. आमचे चुलते रोज येऊन डाळिंबावरच्या तेल्या रोगावरून विचारायचे, "तेल्या पण बॅक्टेरियानंच होतो म्हणतोस, मग बागेत आणि बॅक्टेरिया कशाला आणतोस?" प्रश्न बरोबर होता. तेल्याचा जिवाणू वेगळा, हे झाडाच्या वाटेला न जाता मातीत काम करणारे, असं सांगितलं. पटलं नाही त्यांना. पण त्यावरून एक आठवलं: डाळिंबाची छाटलेली रोगट काडी, पडलेली फळं ढिगात कधीच घालू नका. ती जाळायची.

शेवटी झालं काय, खरिपासाठी वरूनच नवा साठा आला. माझ्या तक्रारीमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण मला निरोप मात्र त्यांनीच पाठवला, आणि त्याचा मला आनंद झाला हे लपवत नाही. पहिला पाऊस पडून गेला होता, हवा उतरली होती. मी सकाळी लवकर गेलो, तारीख बघितली, बाटली हातात घेऊन बघितली, मग सही केली. थर्माकोलच्या पेटीत घालून घरी.

घालण्याआधी पहार ढिगात खुपसून थोडा वेळ ठेवली आणि बाहेर काढून हात लावला. कोमट लागली. चटका लागत असता तर थांबलो असतो, तापलेल्या ढिगात हे जिवाणू टिकत नाहीत. टनाला साधारण लिटरभर पीएसबी आणि तेवढंच अ‍ॅझोटोबॅक्टर, पाण्यात गूळ विरघळवून, संध्याकाळी थरावर थर शिंपडलं. पाणी बोअरचं. नळाचं क्लोरीनचं पाणी टाळा. फवारणीचा ड्रम तर अजिबात वापरू नका, कितीही धुतला तरी. आम्ही डाळिंबवाले त्यात बोर्डो, तांब्याची औषधं आणि पूर्वी स्ट्रेप्टोसायक्लिनही कालवत आलो आहोत, म्हणजे जिवाणू मारायचीच औषधं. मी त्यासाठी नवी बादली आणली.

ट्रायकोडर्माही मिळत होता. ती बुरशी, जिवाणू नव्हे, पण याच वेळी घालता येते. मी घातली.

महिन्याभरानं ढीग काळा, भुसभुशीत झाला. शेणाचा वास गेला, पावसाचा पहिला शिडकावा झाल्यावर येतो तसला वास यायला लागला. ढीग आधी तापला होता त्यामुळे तणाचं बीही बरंच मेलं, दरवर्षी खताबरोबर येणारं गाजरगवत यंदा कमी दिसतंय. खत झाडाच्या बुडाला न लावता ड्रिपच्या ओलाव्यात, फांद्यांच्या घेराखाली चर काढून घातलं आणि लगेच मातीनं झाकलं, उघडं ठेवलं की ऊन सगळं वाया घालवतं. स्फुरद खरोखर किती सुटला हे बहार संपल्यावर माती परीक्षणात बघणार आहे. डीएपी हे स्फुरदाचं रासायनिक खत मात्र यंदा कमी घातलं.

आणि हो, कार्यालयात जाण्याआधी फोन करून उत्पादनाची तारीख विचारून घ्या. सांगत नसतील तर जाऊ नका, हेलपाट्यांच्या पैशात खासगी प्रयोगशाळेची ताजी बाटली येते आणि तिच्यासाठी कुणाच्या रजेची वाट बघावी लागत नाही.