इनटेक मॅनिफोल्ड बदललं, घरीच!
आज फोंड्याच्या घरी, पोर्चमध्ये, गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनच्या सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) बदललं. बाहेर पाऊस धो धो, पण काम मनासारखं झालं.

गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची गती) वर-खाली व्हायचं. गॅरेजवाल्याने इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बदलायला सांगितलं होतं. मला ते पटेना. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारला, तर एका जागी इंजिनचा आवाजच बदलला. प्लास्टिकला केसाएवढी चीर! पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. अशा चिरेतून सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते आणि सगळं गणित बिघडतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. प्रत्येक होज काढण्याआधी फोटो. मॅनिफोल्ड उचललं की हेडची (इंजिनच्या वरच्या भागाची) हवा आत घेणारी तोंडं उघडी पडतात, तिथे लगेच स्वच्छ फडकी कोंबायची. एखादा नट आत गेला तर इंजिनच उघडावं लागतं. बसवताना फडकी मोजून बाहेर काढली. गॅस्केट (सांध्यातून हवा गळू नये म्हणून मधे बसवतात ते) नवीनच घातलं, जुनं परत वापरू नये असं माझं ठाम मत आहे. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळत नेले, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणाऱ्या पान्याने.

बाबा पूर्ण वेळ टॉर्च धरून उभे होते. चावी फिरवली, आयडल एकदम स्थिर. "आता चल, म्हार्दोळपर्यंत जाऊन येऊ," म्हणाले.

जुनं मॅनिफोल्ड ठेवलंय. चीर बघायची असेल त्यांनी घरी या.