आमची वाटचाल: हलक्या पानांचा धंदा

मी मुळात प्रेसचा माणूस. बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवत होतो. माझा भागीदार कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, कोड लिहिणारा. दोघांनी मिळून दांडिया बाजारात जिन्यावरची एक खोली भाड्याने घेतली आणि वेबसाइट बनवायला लागलो. तो चार वर्षांनी पुण्याला गेला. राग नाही, पण खिडकीजवळच्या खुर्चीला आम्ही अजून त्याचीच खुर्ची म्हणतो.

प्रेसमधून आल्यामुळे मला एक खोड आहे. तिथे एक रीम कागद वाया गेला की शेठ दिवसभर बोलायचा. स्क्रीनवर कितीही वाया गेलं तरी कोणी बोलत नाही, कारण त्याचं बिल आपल्याला येत नाही. ते येतं पान उघडणाऱ्याला: त्याचा डेटा, त्याची बॅटरी, त्याचा जुना फोन. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम: पान आधी तोलायचं (म्हणजे ते उघडताना किती केबी डेटा उतरतो ते मोजायचं), मग दाखवायचं. भागीदाराने भिंतीवर खडूने लिहिलं होतं, '५०० केबीच्या वर गेलास तर चहा तुझा.'

पहिली पाच-सहा वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला आणि वजनाची पर्वा कोणालाच उरली नाही. त्याच सुमारास गावात एक काचेचं ऑफिस उघडलं. नाव घेत नाही. ते लोक पहिल्याच पानावर व्हिडिओ लावून द्यायचे, सरकते फोटो, आपोआप वाजणारं संगीत, वर उडी मारून येणारी चौकट. माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, 'तुमची साइट चांगली आहे हो, पण ती गरिबांची साइट आहे.' दीड महिन्यात चार गिऱ्हाइकं गेली. त्यातले एक मंगल कार्यालयवाले, ज्यांच्याकडे माझे अठरा हजार बाकी होते. ते अजूनही बाकी आहेत. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मी त्यांच्याच नावावर घेऊन दिलं होतं, त्यामुळे त्यांचं जाणं दहा मिनिटांत झालं. तरी सांगतो, डोमेन नेहमी मालकाच्याच नावावर असावं. तुमचं कोणाच्या नावावर आहे ते आज बघून घ्या.

मोटरसायकल विकली. हाताखालच्या दोन मुलांना दोन महिने अर्धाच पगार दिला, आणि त्यातला एक तिसऱ्या महिन्यात कुठे गेला असेल ते सांगायला नको.

त्या दिवसांत रात्री बसून मी मंगल कार्यालयाचं नवं पान तोलायचो. चांगली सवय नव्हे, पण करायचो. आमच्या खणात एक फोन आहे, २ जीबी रॅमचा, कोपऱ्यात तडा गेलेला. कुठलंही काम आधी त्याच्यावर उघडायचं. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये नेटवर्कची खिडकी उघडून वेग मंद थ्रीजीइतका केला की बाकीचं दिसतं: कोणती फाइल किती जड, कोणती उगाच आली. त्यांचं पान साडेअकरा एमबीचं. त्यातला हॉलचा एक फोटोच ४ एमबी, छापायला ठेवलेला असावा तसा. वेबपी या फोटोच्या हलक्या प्रकारात बदलून, रुंदी कमी करून मी तो ९० केबीवर आणून बघितला. डोळ्यांना काही फरक नाही. ती फाइल अजून आहे माझ्याकडे.

तेव्हा टिकून राहिल्या त्या फराळवाल्या काकू. शहरातल्या वाडी भागात त्यांचा गृहउद्योग, सात बायका कामाला. काचेच्या ऑफिसवाले त्यांच्याकडेही गेले होते. काकूंनी त्यांना चिवडा खायला घातला आणि म्हणाल्या, 'माझ्या गिऱ्हाइकांकडे मुलांनी टाकून दिलेले फोन असतात. तुमचं ते नाचणारं त्यांच्यावर चालेल का?' हे वाक्य मला आठ वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

पुढे मी अनेक ठिकाणी वाचलं की फोनच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेलं असतं. म्हणजे जड पान नुसती वीज खात नाही, धडधाकट फोन भंगारात काढायला लावतं. वीज आहेच: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी (जिथे वेबसाइट साठवलेल्या असतात) सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, एकूण वापराच्या दीड टक्का. माझ्या ९० केबीने त्यात काय होणार, हे मलाही कळतं. पण काकूंच्या गिऱ्हाइकाचा फोन अजून दोन वर्षं चालला तर ते मला दिसतं.

काकूंच्या कामात माझीही एकदा चूक झाली आहे. देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून मी तिच्यातली न लागणारी अक्षरं छाटत होतो. छाटताना जोडाक्षरं जुळवणारा भागही उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: 'अरे, माझ्या श्रीखंडाचा पाय कोणी मोडला?' पानावर खरंच 'श्‌रीखंड' दिसत होतं, आणि खाली 'स्‌पेशल चकली'. तेव्हापासून फॉन्ट छाटला की आम्ही 'श्रीखंड, चक्का, द्राक्षं, ज्ञानेश्वर' एवढं लिहून बघतो. तुम्हीही बघत जा.

त्यांचे एक जुने गिऱ्हाईक टेलिफोन ऑपरेटर, दृष्टिहीन. काकू त्यांना ऑफिसात घेऊन आल्या. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ते आमचा ऑर्डरचा फॉर्म ऐकत बसले. कॉम्प्युटर म्हणत होता, 'एडिट, एडिट, एडिट, बटन.' एकाही रकान्याला मी नाव दिलं नव्हतं. ते हसले, मला हसू आलं नाही. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली, आणि इतकी वर्षं ती केली नव्हती.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोद्यात कोणाला सांगायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ च्या वर गेली. वीज नाही, नेटवर्कची एखादी दांडी. काकूंच्या पानावर सगळ्यात वर मी एक ओळ टाकली: आज काय तयार आहे, कुठून न्यायचं. पान १९० केबीचं. लोकांच्या फोनवर ते उघडलं, थेपले आणि सुके पोहे गेले. मंगल कार्यालयाचं पानही मी उघडून बघितलं. खोटं कशाला बोलू, मुद्दाम बघितलं. गोल फिरत राहिलं. त्यांच्या हॉलमध्येही पाणी शिरलं होतं हे नंतर कळलं, तेव्हा जरा वाईट वाटलं.

आता काचेच्या ऑफिसवाले 'ग्रीन वेबसाइट' विकतात. प्रत्येक पानाच्या तळाशी डुलणारं हिरवं पान लावतात. मी ते पान तोललं, १.८ एमबी भरलं.

सध्या आमची अडचण वेगळी आहे. खणातल्या फोनची बॅटरी फुगली आहे आणि त्या मॉडेलची बॅटरी फतेगंजपासून मांडवीपर्यंत कुठे मिळेना. दुरुस्तीवाला म्हणाला, 'काका, नवो लई लो.' (नवा घेऊन टाका.) कोणाच्या घरी २ जीबीचा चालू फोन पडून असेल तर भंगारात देऊ नका. जिना चढून वर या, दुपारी दोन ते चार सोडून.