कुंपण किती उंच, त्याआधी कुठून

शाळांची आवारं आखणं हे माझं काम. इमारत बहुतेक वेळा आधीच उभी असते. मी बघते ती तिच्या पायरीपासून रस्त्यापर्यंतची जागा: मैदान, फाटकं, पाण्याचा निचरा, वाहनं उभी करायची सोय आणि कुंपण. निचऱ्यावरून कुणी आवाज चढवलेला मी पाहिलेला नाही. कुंपणाचा विषय निघाला की मात्र एरवी एकमेकांच्या घरी जाणारी माणसंही दोन तटांत वाटली जातात.

ज्या शाळेबद्दल लिहितेय तिथं नेमकं तेच झालं होतं. पहिलीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत खेळता खेळता मागच्या बाजूने बाहेर पडला आणि थेट रस्त्यावर पोचला. एका ओळखीच्या बाईंनी हात धरून त्याला परत आणून सोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत रात्री कुणीतरी संगणकाच्या खोलीचं कुलूप फोडलं. पालकांनी सह्या गोळा करून निवेदन दिलं की शाळेभोवती उंच, पक्कं कुंपण हवं. मैदानात रोज फिरायला येणाऱ्यांनी आणि समोरच्या घरांनी लगेच दुसरं निवेदन दिलं, कुंपण नको. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर सांगितलं, "तुम्ही उंची सुचवा, मी सभा बोलावते."

उंची सुचवायच्या आधी हद्द पायी फिरायची, हा माझा नेम. सभा संध्याकाळी होती, मी सकाळीच गेले. शाळेचे शिपाईकाका बरोबर होते. कागदावर त्या शाळेला चारही बाजूंनी चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफून विणलेली जाळी होती. प्रत्यक्षात मागच्या गल्लीच्या बाजूला दोन खांबांमधली जाळी कापून, टोकं आत वळवून, माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट केलेली होती. कापल्याला बराच काळ झालेला असणार, तारांची टोकं गंजून तपकिरी झाली होती. पण मधल्या भागात, जिथं खांदे घासतात तिथं, तार चकचकीत होती. एका टोकाला गणवेशाचा निळा धागा अडकलेला. खालची माती इतकी तुडवली गेली होती की तिच्यावर गवताचं एक पातंही नव्हतं.

"हे बुजवलं नाही का कुणी?" मी विचारलं.

"बुजवलं की, ताई. तार बांधली, मग पत्रा ठोकला. चार दिवसांत पुन्हा उघडं. पलीकडची पोरं पुढच्या गेटनं यायचं म्हणजे सगळा वळसा घालून मोठ्या रस्त्यानं येणार. मोठ्या रस्त्याला गाड्या किती ते बघितलंत ना? त्यांच्या आयाच सांगतात, मागनंच जा म्हणून."

ते भोक मी अर्धा तास बघत उभी होते. कितीतरी शाळांत मी असं भोक पाहिलंय आणि प्रत्येक ठिकाणी ते मोडतोड म्हणून नोंदवलेलं असतं. मला त्यात मागणी दिसते: इथं फाटक हवं होतं, कुणी दिलं नाही, म्हणून लोकांनी करून घेतलं. तिथं आठ फुटी जाळी ठोकली तर तीही कापली जाईल, आणि कापली गेली नाही तर ती मुलं मोठ्या रस्त्याने येतील.

शाळा सुटताना पुढच्या फाटकाजवळ उभी राहिले. फाटक एकच, सरकतं, लोखंडी, आणि त्यातलंही अर्धंच उघडतात. घंटा झाली आणि सगळी शाळा त्या अर्ध्या फाटकातून बाहेर पडू लागली. बाहेर न्यायला आलेल्या पालकांच्या गाड्या, त्यामुळे बाहेर आलेल्या मुलांना पुढे सरकायला जागाच नाही. मागून रेटा चालू. एक लहान मुलगी फाटकाच्या रुळावर अडखळली, मागच्या मोठ्या मुलीने तिला दंडाला धरून वर ओढलं. दोघी हसत पुढे गेल्या. रुळाच्या टोकाला फाटक अडवणारा खुंटा नव्हता, हे मी वहीत लाल पेनाने लिहिलं. खुंटा नसलेलं सरकतं फाटक रुळावरून निघून अंगावर पडू शकतं.

फाटकं मी कधीच हलक्यात घेत नाही. जपानमध्ये कोबे इथल्या एका शाळेत 6 जुलै 1990 रोजी सकाळी, उशिरा येणाऱ्या मुलांना अडवण्यासाठी शिक्षकाने सरकतं लोखंडी फाटक ओढून घेतलं आणि धावत आत येणारी पंधरा वर्षांची मुलगी त्यात चिरडून मेली. तिथं बाहेरचा कुणी नव्हता. फाटक होतं आणि वेळ पाळायचा हट्ट होता.

सभेला हॉल भरला होता. पालक डावीकडे, फिरायला येणारे आणि शेजारी उजवीकडे, कुणी न सांगता. पहिल्यांदा उठले ते एक वडील. त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "आठ फुटांची भिंत. सिमेंटची. वरती काचा. पुढे काही झालं तर काय उत्तर देणार आम्हाला?"

उजवीकडून एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुरुंग. आम्ही याच मैदानात खेळून मोठे झालो." मग दोन्हीकडून आवाज चढले. चोरीचं सांगून झालं, मैदानात सापडलेल्या बाटल्यांचं सांगून झालं, शाळेची जागा कुणाची हेही विचारून झालं. मी मध्ये पडले नाही. लोकांना मनातलं एकदा मोठ्याने बोलून टाकू द्यावं लागतं, त्याआधी नकाशा उलगडण्यात अर्थ नसतो.

त्या वडिलांची भीती खोटी नव्हती आणि मी ती उडवून लावली नाही. 2001 साली जपानमधल्याच ओसाका शहराजवळ, इकेदा इथल्या प्राथमिक शाळेत सुरा घेऊन शिरलेल्या माणसाने 8 मुलांचा जीव घेतला. तो उघड्या फाटकातून चालत आत आला होता. अमेरिकेत उवाल्डी गावातल्या शाळेत 2022 मध्ये बंदूकधारी मारेकरी साधारण पाच फुटांचं कुंपण ओलांडून आला. इमारतीचं दार लावलेलं होतं, पण त्याचं कुलूप बसलं नव्हतं. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. या दोन्ही घटना मी सभेत सांगितल्या आणि म्हटलं, कुंपणाने माणूस कायमचा अडत नाही, त्याला उशीर होतो. तेवढ्या वेळात आतली दारं बंद झाली आणि निरोप पोचला, तरच त्या उशिराचा उपयोग. तुमच्या वर्गांच्या दारांना आतून लागणारी कडी आहे का? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. दोन वर्गांना नव्हती.

काचांना मात्र मी तिथल्या तिथे नकार दिला. शाळेच्या कुंपणावर सगळ्यात जास्त वेळा कोण चढतं? पलीकडे गेलेला चेंडू आणायला निघालेलं मूल. काच त्याचाच हात कापणार.

मी तीन नमुने नेले होते, प्रत्येकी साधारण दाराएवढे: चेनलिंक, बारीक वेल्डमेश (आडव्या-उभ्या तारा वेल्ड करून जोडलेली ताठ जाळी) आणि उभ्या पट्ट्यांचं लोखंडी कुंपण. एका चौथीतल्या मुलाला म्हटलं, चढून दाखव. चेनलिंकवर तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर होता. तिची भोकं दोन इंची, बुटाचं टोक नेमकं बसतं. वेल्डमेशपाशी मात्र अडला. तिच्या आडव्या फटी जेमतेम अर्धा इंच, पायाचं बोटही शिरत नाही. नेहमीच्या पकडीची टोकंही त्यात नीट बसत नाहीत, त्यामुळे ती कापायलाही वेळ लागतो. लोक पुढे सरकून जाळ्यांना हात लावायला लागले, आणि मग डावीकडचे-उजवीकडचे असे कुणी राहिले नाहीत.

त्याच वेळी आठवीतली एक मुलगी उठली. ती आईबरोबर आली होती आणि बोलावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. "मागच्या गल्लीत भिंत नका बांधू," ती म्हणाली. "आम्ही तिघी-चौघी क्लासहून त्या गल्लीने सायकलवरून येतो. आता एका बाजूला घरं आणि एका बाजूला मैदान दिसतं. मैदानात कुणीतरी असतं. भिंत झाली तर तिकडून कुणालाच आम्ही दिसणार नाही."

वडील गप्प झाले. जेन जेकब्स या लेखिकेने 1961 मध्ये शहरांबद्दल लिहिताना रस्त्यावर रोजच्या माणसांची नजर असण्याने रस्ता सुरक्षित राहतो, असं मांडलं होतं. नंतर परिसराच्या रचनेतूनच गुन्हे टाळण्याचं एक शास्त्रच त्या दिशेने उभं राहिलं. माझ्या शिक्षणात ते पुस्तकातून आलं. त्या मुलीला ते रोजच्या सायकलवरून कळलेलं होतं. मी सगळ्यांना नमुन्यांकडे तिरक्या कोनातून बघायला सांगितलं. समोरून उभ्या पट्ट्यांमधून सगळं स्वच्छ दिसत होतं, पण बाजूला चार पावलं सरकलं की पट्ट्या एकमेकींत मिटून भिंत तयार होत होती. वेल्डमेशमधून धूसर का होईना, पलीकडचा माणूस कळत होता. गल्लीतून येणारा कायम तिरकाच बघत येतो. म्हणून गल्लीच्या बाजूला पातळ तारेची, गडद रंगाची जाळी. चकाकणारा जस्ताचा रंग नजरेला आधी अडवतो, गडद रंग मागे सरतो.

एका वडिलांनी विचारलं, मागच्या वाटेला गाड्या अडवायला आडवेतिडवे पाइप लावणार असाल तर माझा मुलगा चाकांच्या खुर्चीवरून कसा येणार? निवेदनांमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता. नव्वद सेंटिमीटर मोकळी रुंदी, उंबरठा नाही, हे मी तिथंच नकाशावर लिहून त्यांना दाखवलं.

सभेतलं सगळ्यात अवघड बोलणं एका आईने हळू आवाजात केलं. "बाहेरच्यांसाठी जाळी लावाल. पण कुंपणानेच शेत खाल्लं तर?" हॉल एकदम शांत झाला. लहान मुलांवरचे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून होतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यावर कुंपण हे उत्तर नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. खोल्यांच्या दारांना बाहेरून दिसेल अशी काच, कोपऱ्यातल्या अडगळीच्या खोल्यांना कुलूप, आणि मूल बोललं तर ऐकून घेणारं एक ठरलेलं माणूस, हे शाळेने करायचं. बाईंनी ते स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिलं.

मग मी नकाशा उलगडला. माझं म्हणणं एवढंच होतं की आपण सगळे हद्दीवरच्या एका रेघेची उंची ठरवत बसलोय आणि तिच्याकडून दोन वेगळी कामं मागतोय. पहिलीतलं मूल बाहेर जाऊ नये यासाठी चार फूट आणि आपोआप बंद होणारं छोटं फाटक पुरतं, पण ते मूल खेळतं तिथं, वर्गांजवळ. रात्रीचा चोर येऊ नये यासाठी आठ फूट लागतात, पण तेही इमारतीभोवती. मैदान या पक्क्या रेघेच्या बाहेर राहू शकतं. शाळा चालू असताना मैदानाची बाहेरची फाटकं बंद, सकाळ-संध्याकाळ उघडी. हद्दीवर सहा फूट पुरतील. गल्लीकडच्या भोकाच्या जागी खरंखुरं फाटक, शाळा भरताना आणि सुटताना उघडं, तिथं एक मोठं माणूस उभं. पुढच्या गर्दीचा बराच भाग त्याने कमी होईल.

आतल्या रेघेच्या प्रत्येक फाटकाला आतून अंगाने ढकललं की उघडणारी दांडी मी सक्तीची धरली. शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात 30 डिसेंबर 1903 रोजी आग लागली आणि 602 माणसं गेली. अनेक दारं कुलूपबंद होती, काहींच्या कड्या लोकांना उघडता येईनात. त्या आगीनंतर काही वर्षांत अमेरिकेत अशी दांडी बाजारात आली. बाहेरून हात घालून ती दाबता येऊ नये म्हणून तिच्याभोवती बारीक जाळी लागते. यात खर्च वाढतो, पण इथं मी तडजोड करत नाही.

सगळे राजी झाले असं नाही. समोरच्या घरातल्या आजींनी जाताना मला सांगितलं, सहा फूटही त्यांना नकोच आहेत, खिडकीतून मुलं खेळताना बघायची त्यांची सवय आहे. मी त्यांच्या खिडकीत जाऊन बसले आणि तिथून फोटो काढले. जाळीच्या चौकटीचा आडवा पाइप बरोबर त्यांच्या नजरेच्या उंचीवर येणार होता, तो खाली घ्यायचं ठरवलं. त्या अजूनही विरोधातच आहेत, आणि ते अहवालात त्यांच्या शब्दांत लिहिलंय.

सध्या दोन्ही रेघा मैदानावर फक्कीने आखल्या आहेत आणि पक्क्या रेघेवर नुसती दोरी बांधलीय. मुलं कुठं दोरी ओलांडतात ते शिपाईकाका रोज टिपून ठेवतात. एक फाटक त्यामुळे आत्ताच चार हात डावीकडे सरकलंय. संध्याकाळी मैदानाची किल्ली कुणाकडे राहणार, हा प्रश्न बाकी आहे. फिरायला येणाऱ्यांतल्या दोघांनी जबाबदारी घेतो म्हटलंय, बाईंना ते लेखी हवंय. ते झाल्याशिवाय खांबांचे खड्डे खणायला मी परवानगी देणार नाही.