नुसती माती

शुक्रवार, रात्री साडेदहा

आईने तिन्ही डब्या घासून ओट्यावर उपड्या घातल्या होत्या. आतली माती तुळशीत गेली. "अगं, नुसती माती तर होती," म्हणाली आणि कुकर लावायला वळली.

नुसती माती. दिवसभर हेच घोळतंय डोक्यात.

वेताळ टेकडीवरून आणली होती, खाणीकडच्या वाटेवरची, माझ्या छोट्या मावळ्याच्या पायाखाली जमीन करायला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याचा काळा पाषाण, तो झिजून झालेली ही तांबूस माती. बुरशी धरू नये म्हणून तव्यावर भाजली. चहाच्या जुन्या गाळणीने चाळून तीन डब्या केल्या: पीठ, रवा आणि वर उरलेले खडे. माझा मावळा म्हणजे १:७२ चा पुतळा, खऱ्या माणसाच्या बहात्तर पट लहान, उभा जेमतेम २३ मिलिमीटर. त्याच्या पायाशी २ मिलिमीटरचा खडा ठेवला की त्याच्यासाठी तो जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटरचा धोंडा. म्हणून एकेक खडा निवडायचा, तांदूळ निवडतात तसा. विकतचं हिरवं गवत मुद्दाम घेतलं नाही. दिवाळीनंतर टेकडी कुठे हिरवी असते? सुतळीचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे पिंजून फेव्हिकॉलमध्ये उभे केले की अगदी ते वाळकं गवत.

हे सगळं तिला मी कधी सांगितलं? दार लावून तर बसते.

तरी रडू आलंच. या घरात माझा म्हणून एक खण नाही. नोकरी सोडल्यापासून तर... आणि दादाच्या क्रिकेटच्या बॅटी अजून माळ्यावर आहेत. असो.

माती पुन्हा आणता येईल, हे मलाही कळतं. लागलं ते 'नुसती'.

दिवेलागणीला तुळशीपाशी गेले तर माती तिथेच होती, वरच्या वर. आईने सकाळी पाणी घातलेलं. पीठ खाली बसलं होतं, खडे उघडे पडले होते, आणि प्रत्येक मोठ्या खड्याच्या आडोशाला रवा गोळा झाला होता. पावसाने धुतलेली पायवाट अशीच दिसते. माझ्या बेसवर, मावळ्याच्या पायाखालच्या जमिनीत, मात्र सगळे खडे सारख्या अंतरावर, पेरल्यासारखे. तीन आठवडे काय चुकतंय ते कळत नव्हतं. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, सगळं करून पाहिलं होतं. चुकत होती ती मांडणी.

वाकून बघत बसले. आई मागे येऊन उभी राहिली. या वेळी सांगितलं तिला, मावळ्यापासून सगळं. ती कुंडीकडे बघत राहिली.

चमचा आणायला उठले तर म्हणाली, "आत्ता नको, दिवेलागणीला तुळस उकरू नये. सकाळी घे. वरवरचीच घे हं, मुळं उघडी पडतील."

कुठला खडा कुठे आहे ते पेन्सिलीने वहीत उतरवून ठेवलंय. सकाळी तिने पाणी घालायच्या आत उठायला हवं.